ऑपरेशननंतर स्वतःच्या अंगाशी पुन्हा ओळख कशी करायची

मी 32 वर्षांची असताना कॅन्सरमुळे एका बाजूचा स्तन काढला. मुंबईहून रत्नागिरीला घरी आले आणि पंधरा दिवस आरशावर टॉवेल टाकून ठेवला, म्हणून सांगते, घाई करू नका, आधी हात लावा मग बघा. जखम पूर्ण भरली की डॉक्टरांना विचारून खोबरेल तेलाचं बोट व्रणावरून हळू फिरवायचं, तिथे बधीर लागतं, काखेत मुंग्या येतात, कधीकधी तर जो स्तन नाहीच आहे तिथे खाज सुटते, ते नसा दुखावल्यामुळे होतं, तुमचं डोकं फिरलेलं नाहीये. बोटांना सवय झाली की डोळ्यांची भीती कमी होते. मी आरसा आधी खांद्यापर्यंत उघडला, मग चार दिवसांनी सगळा. खूप रडले. रडू येतंच गो, येऊ दे.

कपड्यांचं म्हणाल तर सुरुवातीला ब्रामध्ये मऊ सुती पॅड, सिलिकॉनचं साधारण 6 ते 8 आठवड्यांनी, तेही डॉक्टर हो म्हणाले की. त्याला वजन असतं ते मुद्दामच, एका बाजूला भार येऊन खांदा-पाठ दुखू नये म्हणून, पण आपल्याकडच्या मे महिन्याच्या घामात ते दिवसभर नाही सहन होत, घरात सुतीच बरं. ब्लाउज शिवणाऱ्या ताईला खरं काय ते सांगून टाका. मी सांगितलं तेव्हा माप घेताना तिचा हात जरासुद्धा थांबला नाही, आतून मलमलचा खिसा लावला, गळा दोन बोटं वर घेतला, बस.

नवऱ्याला कधी दाखवायचं ते तुम्ही ठरवा, पण गप्प नका राहू. माझा महिनाभर लांब झोपायचा, मला वाटलं किळस येतेय, शेवटी विचारलं तर म्हणे, तुला दुखेल म्हणून भ्यायलो.

दोन आठवडे झोप नाही, जेवण नको, कशातच मन नाही असं झालं तर डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. कॅन्सर परत येऊ नये म्हणून हार्मोनच्या गोळ्या दिल्या असतील तर त्यांनी अंगातून वाफा येतात, चिडचिड होते, तेही सांगा, गोळी मनाने बंद करू नका.

आणि गणपतीत चाकरमानी आले की आत्या पडवीतच सगळ्यांसमोर विचारणार, त्यासाठी एक वाक्य आधीच पाठ ठेवा. माझं होतं, "बरी आहे आत्ये, बोलावंसं वाटलं की मीच सांगेन." एवढं बोलायचं आणि मोदक वळायला आत जायचं.