मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा खुपतोय? मग असं करा

आईचा उजवा डोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यापासून तिचं एकच, डोळ्यात कचरा गेलाय बघ गं. कचरा नसतो तो. फेको ऑपरेशनमध्ये (म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढतात ते) बुबुळाच्या कडेला साधारण २ ते ३ मिमीची चीर देतात, बहुतेक वेळा टाकासुद्धा नसतो, ती भरून येईपर्यंत खुपतं, पाणी येतं, उजेड नको वाटतो, त्यात तिथल्या बारीक नसा कापल्या जातात म्हणून डोळा कोरडा पडतो आणि अजूनच टोचतं.

सगळ्यात आधी ड्रॉप्स, कारण आराम पडतो तो त्यांनीच. साबणाने हात धुवा, पेशंटला आडवं करा, खालची पापणी जरा ओढून त्या खोबणीत एकच थेंब टाका, बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. मग डोळा अलगद मिटून एक मिनिट थांबायचं. दोन औषधांमध्ये निदान ५ मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो (आमच्याकडे हेच चुकत होतं). बाटल्या सारख्याच दिसतात म्हणून मी त्यांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले. बरं वाटलं म्हणून स्टेरॉइडचा ड्रॉप मनाने बंद करू नका, तो हळूहळू कमी करतात.

सकाळी पापण्या चिकटल्या तर उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस पिळून नाकाकडून बाहेर पुसा, चोळायचं अजिबात नाही. झोपेत हात जातोच, म्हणून रात्री डोळ्यावर प्लास्टिकचं कव्हर लावा. अंघोळ गळ्याखालून. फोडणी, चूल, उदबत्तीचा धूर लांब ठेवा, बाहेर जाताना काळा चष्मा. टीव्ही बघितला तर चालतो, फक्त मधे मधे पापण्या मिटायला सांगा. कोरडेपणा फारच असेल तर डॉक्टरांना विचारून ल्युब्रिकंट ड्रॉप सुरू करा, पण गुलाबपाणी, मध, तूप यातलं काहीही डोळ्यात घालू देऊ नका, कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी.

खुपणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. उलट ठणका वाढला, लाली वाढली, पू आला, काल दिसत होतं ते आज धूसर झालं, डोळ्यासमोर विजा चमकल्या किंवा पडदा आल्यासारखं झालं, दुखण्यासोबत उलट्या झाल्या, तर रात्रीचे अकरा वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका.