उबुंटू बसवल्यावर पडदा काळाच राहिला तर

एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकावर उबुंटू ही लिनक्स कार्यप्रणाली नव्याने बसवल्यानंतर कधीकधी पडदा काळाच राहतो. अशा वेळी संपूर्ण प्रणाली पुन्हा बसवण्याची घाई करू नये. बहुतेकदा पुढील उपाय पुरतो.

१. संगणक सुरू होताना एस्केप कळ एकदाच दाबावी (जुन्या बायोसच्या यंत्रांवर शिफ्ट दाबून धरावी), म्हणजे ग्रबची, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या आज्ञावलीची, यादी दिसेल. एस्केप वारंवार दाबल्यास यादीऐवजी नुसता आज्ञा टंकण्याचा पडदा येतो.

२. उबुंटूच्या ओळीवर असताना ई दाबावे, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधावी, तिच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' (nomodeset) हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत सलग टंकावा आणि एफ१० दाबावे. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे काही कायमचे बिघडेल ही भीती नको.

३. डेस्कटॉप उघडल्यावर अक्षरे मोठी, ओबडधोबड दिसतील. ते अपेक्षितच आहे. 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडून ज्या ड्रायव्हरपुढे (ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारी आज्ञावली) 'टेस्टेड' असे लिहिले आहे तोच निवडावा. सर्वांत मोठा क्रमांक पाहून निवड करण्याचा मोह टाळलेला बरा.

सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू आज्ञावलीच चालू देणारी सोय) चालू असेल, तर ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते. तो लिहून ठेवावा, कारण पुढच्या वेळी संगणक सुरू होताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' (Enroll MOK) निवडून तोच द्यावा लागतो. ती पायरी वगळल्यास ड्रायव्हर बसूनही चालत नाही.