ट्रेलरवरच्या शिडाच्या होडीला व्हीएचएफ अँटेना बसवताना

पुण्यातली लहान शिडाची होडी वर्षाचा बराचसा काळ खडकवासल्याच्या परिसरात किंवा घराजवळ ट्रेलरवर असते आणि मोजक्या दिवसांसाठी ताम्हिणी घाट उतरून समुद्रावर जाते. अँटेना त्या मोजक्या दिवसांसाठी बसवायचा असला, तरी त्याची रचना मात्र डोलकाठी दर वेळी उभी करावी आणि उतरवावी लागते, हे धरूनच करावी लागते.

मरीन व्हीएचएफच्या, म्हणजे होड्या एकमेकींशी आणि किनाऱ्याशी बोलण्यासाठी वापरतात त्या रेडिओच्या, लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पल्ला मुख्यतः उंचीवर ठरतो. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणले, की त्याचे रेडिओ-क्षितिज, म्हणजे लहरी पोचण्याची हद्द, किलोमीटरमध्ये मिळते. दोन होड्यांमधला पल्ला म्हणजे दोघींच्या क्षितिजांची बेरीज. हातातला संच पाण्यापासून एक मीटरवर असेल तर त्याच्या वाट्याला सुमारे ४ किलोमीटर येतात, तर नऊ मीटर उंच डोलकाठीच्या शेंड्यावरच्या अँटेनाला १२. म्हणूनच मागच्या कठड्यावर अँटेना लावणे कितीही सोपे असले, तरी मी शेंड्याचाच आग्रह धरतो.

अँटेना सुमारे एक मीटर लांबीचा, अर्ध-तरंग प्रकारचा, ३ डेसिबलचा (अँटेना आपला झोत किती एकवटतो याचे हे माप), स्टेनलेस स्टीलच्या काडीचा घ्यावा. तो हलका असतो आणि त्याला खाली धातूचा पत्रा लागत नाही. ६ किंवा ९ डेसिबलचा अँटेना लहान शिडाच्या होडीवर घेऊ नये. त्याचा झोत अरुंद असतो आणि होडी कलली की तो एका बाजूला पाण्यात आणि दुसऱ्या बाजूला आकाशात जातो. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टेनलेसचा ब्रॅकेट बसवताना मध्ये गंजरोधक पेस्ट लावावी, नाहीतर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम झिजत जाते.

केबलच्या बाबतीत काटकसर महागात पडते. १५ मीटर लांबीच्या आरजी-५८ या बारीक केबलमध्ये जवळपास निम्मी शक्ती वाया जाते, म्हणजे २५ वॉटच्या संचातले साडेबाराच अँटेनापर्यंत पोचतात. आरजी-२१३ उत्तम, पण लहान डोलकाठीसाठी ती जाड आणि जड होते. आरजी-८एक्स हा मला योग्य मध्य वाटतो. कनेक्टर आणि मल्टिमीटर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतात. केबल मात्र कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, समुद्रासाठी बनवलेलीच शोधावी. वरच्या टोकाला केबलचा भार क्लिपवर घ्यावा, कनेक्टरवर मुळीच नाही.

खरी कसोटी डोलकाठीच्या बुडख्याशी असलेल्या जोडाची असते, कारण तो प्रत्येक फेरीत उघडतो. माझ्या होडीवर हा जोड सुरुवातीला डेकवरच्या सॉकेटमध्ये होता. दोन हंगामांतच आत हिरवट थर जमला आणि समोरच्याला माझा आवाज तुटक ऐकू येऊ लागला. आता केबल बुडख्याच्या थोडी वर बाहेर पडते, खाली एक झोळ घेते, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते, आणि हंसाच्या मानेसारख्या वाकवलेल्या नळीतून केबिनमध्ये जाऊन कोरड्या जागी जोडली जाते. ही नळी कनेक्टर आरपार जाईल इतकी रुंद हवी, नाहीतर दर वेळी कनेक्टर कापावा लागेल. शेंड्यावरच्या कायम जोडावर मात्र स्वतःला चिकटणारी रबरी टेप घट्ट गुंडाळावी.

डोलकाठी आडवी करण्यापूर्वी खालचा जोड सोडवावा, आणि रस्त्यावर निघण्यापूर्वी काडी काढून ठेवावी. डोलकाठी उभी करताना आधी वर पाहावे, विजेच्या तारा कुठे आहेत ते ठरवावे आणि मगच दोर ओढावा. अँटेनामुळे डोलकाठीची उंची एक मीटरने वाढलेली असते, हे थकलेल्या माणसाच्या ध्यानात राहत नाही आणि इथली चूक जिवावर बेतते.

घरी अँटेना सोडवून मल्टिमीटरने तपासावे: केबलची मधली तार आणि तिच्याभोवतीची धातूची जाळी यांचा एकमेकांशी संपर्क नसावा. पुण्यात रेडिओचे बटण दाबून प्रक्षेपण करू नये. संचासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना हाती असावा. किनाऱ्यावर पोचल्यावर १६ क्रमांकाची वाहिनी संकटासाठी मोकळी ठेवून, दुसऱ्या वाहिनीवर एक वॉटने एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा आकडा, मोजावा. तो १.५ च्या आत असेल तर काम नीट झाले. ३ च्या वर गेला तर प्रक्षेपण थांबवून सर्वप्रथम बुडख्याजवळचा जोड उघडून पाहावा.