जुनं इंजिन खोलण्याआधी

बाबांची १९९७ ची मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्ब्युरेटर. डिकीत नंतर बसवलेली सीएनजीची टाकी. हिवाळ्यात सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची आणि फतेहगंजच्या पुलावर गाडी दुसऱ्या गिअरवर यायची. दोन गॅरेजांत एकच उत्तर मिळालं: पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या, इंजिन बांधावं लागेल, पंचवीस हजार तयार ठेवा. कुणी प्लगसुद्धा काढून पाहिला नाही.

मी तेव्हा बडोद्याच्या कलाभवनात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हातातली विद्या शिकवायला, आणि मला घरच्या गाडीचं दुखणं सांगता येत नव्हतं. ते फार लागलं. नऊशे रुपयांचं कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, आणलं. नवशिक्यानं पहिला खर्च हाच करावा असं मला आजही वाटतं.

इंजिन गरम करा, गॅस बंद करा, कॉइलची वायर काढा, तिन्ही प्लग काढा. एकानं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं काटा बघायचा. आमचे आकडे आले १६०, १५५ आणि ९५ पीएसआय. मग तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलनं फट भरून काटा चांगलाच वर गेला असता. तो १०० वर थांबला. रेडिएटरमध्ये बुडबुडेही नव्हते, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं, सांधा बंद ठेवणारं गॅसकेट शाबूत. हवा व्हॉल्व्हमधून, म्हणजे सिलिंडरच्या झडपेतून, जात होती.

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात एक निवृत्त मिस्त्री राहतात. त्या काकांनी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, लावून दाखवलं: तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची फट) सगळ्यात पातळ पातीही शिरेना. "टॅपेट वाजत नाहीत म्हणून खूश होतास ना? वाजणारा परवडला रे. गप्प झालेला व्हॉल्व्ह जाळतो." सीएनजी कोरडा, पेट्रोलसारखा गारवा देत नाही. व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट झिजते, व्हॉल्व्ह आत आत बसत जातो, टॅपेटची फट संपते आणि मग तो पूर्ण मिटतच नाही.

हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग, उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे घेतले, सीट लेथवाल्याकडून कापून घेतल्या, पेस्ट लावून व्हॉल्व्ह मी स्वतः घासले. पोर्टमध्ये रॉकेल ओतून थेंबही झिरपत नाही हे पाहिल्यावरच हेड चढवलं. सोबत ऑइल सील, गॅसकेट, टायमिंग बेल्ट बदलला. "इथल्या उन्हात कशाला" म्हणून कुणीतरी काढून टाकलेला, इंजिनचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट परत बसवला, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरलं. सगळं मिळून नऊ हजार. मोठा कार्ब्युरेटर किंवा महागडा एअर फिल्टर यांत पैसे घालू नका. गेलेली ताकद परत आणणं हीच या वयातली सुधारणा.

आकडे आता १६०, १६०, १५५. पहिल्या हजार किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा पाहिले तर दोन घट्ट झाले होते. ही तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करा. सीएनजीवर असल्यामुळे मी ती दर दहा हजारांना करतो.