ॲडव्हान्स्ड कॅल्क्युलसचं पुस्तक घेताय? आधी डेरिव्हेटिव्हची व्याख्या काढून बघा

एस.वाय. बी.एस्सी. संपलं त्या मे महिन्यात मी मायकेल स्पिव्हाकचं ‘कॅल्क्युलस ऑन मॅनिफोल्ड्स’ घरी आणलं. पानं दीडशेच्या आत. एक सीनियर म्हणाला होता, “हेच कर, बाकी सगळी बाळबोध आहेत.” बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दुपारी पंख्याखाली बसायचं, रोज पाच पानं करायची, म्हणजे जूनच्या आत पुस्तक हातावेगळं, असा माझा हिशेब. दुसऱ्या धड्याच्या सुरुवातीलाच अडले आणि तीन आठवडे तिथून हलले नाही. आईला वाटायचं पोर अभ्यास करतेय. मी एकच व्याख्या पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि गणित आपल्याला झेपणारं नाही हे मनाशी पक्कं करत होते.

अडलं होतं ते एवढंच: त्या पुस्तकात डेरिव्हेटिव्ह हा आकडा नाही, लिनिअर ट्रान्सफॉर्मेशन आहे. मला मॅट्रिक्सचे गुणाकार, डिटर्मिनंट, इन्व्हर्स सगळं यायचं, मार्कही चांगले होते. पण मॅट्रिक्स म्हणजे एका व्हेक्टरचा दुसरा व्हेक्टर करणारी क्रिया, म्हणजेच लिनिअर ट्रान्सफॉर्मेशन, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

शेवटी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे गेले. त्यांनी लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट उलटं केलं आणि एक फंक्शन लिहिलं: एक्स गुणिले वाय, भागिले एक्स वर्ग अधिक वाय वर्ग, शून्य बिंदूपाशी किंमत शून्य. “इथे डिफरन्शिएबल आहे का, म्हणजे शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह निघतो का, सांग.” मी दोन्ही पार्शियल डेरिव्हेटिव्ह काढले, म्हणजे एक चल स्थिर धरून दुसऱ्याचा डेरिव्हेटिव्ह. एक्सच्या अक्षावर फंक्शन सगळीकडे शून्य, वायच्या अक्षावरही शून्य, म्हणजे दोन्ही पार्शियल शून्य. मी म्हटलं, “हो काका, आहे.” ते म्हणाले, “आता वाय बरोबर एक्स घाल.” घातलं. उत्तर अर्धा. शून्याच्या कितीही जवळ जा, त्या तिरक्या रेषेवर अर्धाच. वाय बरोबर दोन एक्स घातलं तर दोन पंचमांश. म्हणजे फंक्शन तिथे कंटिन्युअससुद्धा (सलग) नाही, मग डिफरन्शिएबल कुठून असणार! पार्शियल काढताना मी फक्त दोन रस्त्यांवरून चालत आले होते. खरी व्याख्या विचारते की सगळ्या बाजूंनी एकदम जवळ येताना एकच लिनिअर क्रिया फंक्शनच्या बदलाशी इतकी जुळते का, की उरलेली चूक अंतराच्या मानाने शून्याकडे जाते. ते पाकीट अजून माझ्या वहीत आहे.

म्हणून सांगते, पुस्तक घेण्याआधी दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्या उभ्या एक काम करा. अनेक चलांच्या डेरिव्हेटिव्हची व्याख्या काढा. ती लिनिअर ट्रान्सफॉर्मेशनने सुरू होत असेल, तर हा शब्द न अडखळता समजावता येतो का ते स्वतःला विचारा. येत नसेल तर लेखक कितीही मोठा असो, पुस्तक आज घेऊ नका. आणि ती व्याख्याच सापडली नाही, नुसते पार्शियल, चेन रूल आणि मल्टिपल इंटिग्रल असतील, तर ते पुस्तक गणितं सोडवायला आहे, सिद्धता शिकायला नाही. ‘ॲडव्हान्स्ड कॅल्क्युलस’ हे नाव दोघांनाही लावतात. गफलत तिथेच होते. इंजिनिअरिंगला किंवा फिजिक्सला लागणारं ग्रीन, गाउस, स्टोक्सच्या प्रमेयांचं हिशेबाचं काम वेगळं, आणि एम.एस्सी.ला किंवा जॅमला (एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेला) लागणारं एप्सिलॉन-डेल्टाच्या काटेकोर सिद्धतांचं काम वेगळं. तुम्हाला कुठलं हवंय हे आधी ठरवा. ते सीनियरला ठरवू देऊ नका.

लिनिअर अल्जिब्रा कच्चं असेल तर माझं मत टॉम अपोस्टलच्या ‘कॅल्क्युलस’च्या दुसऱ्या खंडाला. पहिले पाच धडे लिनिअर अल्जिब्राचेच आहेत, अनेक चलांचं डिफरन्सिएशन आठव्या धड्यात येतं. जाड आहे, पण घाई करत नाही. सुधीर घोरपडे आणि बालमोहन लिमये या आयआयटी मुंबईच्या दोन प्राध्यापकांची दोन पुस्तकं आहेत, 2006 चं एका चलाचं आणि 2010 चं अनेक चलांचं. दुसऱ्यात भर दोन चलांवर आहे, त्यामुळे चित्र डोळ्यांसमोर राहतं. बी.एस्सी.नंतर एकट्याने अभ्यास करणाऱ्याला मी हेच देईन. बार्टल-शेर्बर्टचं ‘इंट्रोडक्शन टू रिअल ॲनालिसिस’ उत्तम, पण एका चलाचं. वॉल्टर रूडिनचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल ॲनालिसिस’ (1953, तिसरी आवृत्ती 1976) नवव्या धड्यात अनेक चलांकडे येतं, आणि त्याची सुरुवात लिनिअर ट्रान्सफॉर्मेशननेच होते. सिद्धता इतक्या आटोपशीर की दोन ओळींमधला अर्धा तास तुमचा तुम्ही भरायचा. शेजारी विचारायला कुणी असेल तरच घ्या.

उत्तरांच्या पीडीएफबद्दल माझं मत कडक आहे. एका सिद्धतेवर दोन दिवस घालवल्याशिवाय ती उघडू नका. मी उघडत होते, आणि परीक्षेत कोऱ्या पानासमोर बसल्यावर काय होतं ते मी अनुभवलंय. गुरूचंही तसंच. जो लगेच उत्तर सांगतो त्याच्यापेक्षा जो ‘आता वाय बरोबर एक्स घाल’ म्हणतो, त्याच्याकडे जा. असा माणूस प्रत्येक गल्लीत मिळत नाही, हे मला माहीत आहे. नाही मिळाला तरी काम अडत नाही, वेळ जास्त लागतो इतकंच.

बडोद्यात असाल तर आधी विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात बसून दोन-तीन पुस्तकांची तीच पानं शेजारी शेजारी ठेवून वाचा, मग पैसे खर्च करा. अडलात तर पुस्तक बदला, त्यात कमीपणा नाही. मी बदललं. पावसाळाभर अपोस्टल केलं आणि दिवाळीनंतर ते पातळ पुस्तक पुन्हा उघडलं. दुसऱ्या धड्याला संक्रांत उजाडली. त्यातल्या तीन उदाहरणांपुढे अजून पेन्सिलीची फुली आहे.