नदीकाठच्या मोठ्या चित्राची तैलरंगातील लहान स्टडी: या चुका टाळा

नदीकाठचे मोठे चित्र कॅनव्हासवर अडते, तेव्हा दोष पुष्कळदा आधीच्या लहान स्टडीत, म्हणजे पूर्वतयारीसाठी फळीवर केलेल्या छोट्या चित्रात सापडतो. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एकाच फळीवर सगळे प्रश्न सोडवायला बसणे. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा याने सीन नदीकाठच्या ‘आन्येर येथील स्नान’ (१८८४) या चित्रासाठी सुमारे १६ बाय २५ सेंटिमीटरच्या लाकडी फळ्यांवर डझनभर स्टडी केल्या. एकीत पाण्यात घोडे आहेत, दुसरीत पलीकडच्या काठावर इंद्रधनुष्य उमटले आहे; २०१ बाय ३०० सेंटिमीटरच्या अंतिम चित्रात यांपैकी काहीही उरले नाही. माणसांचे आकार त्याने काँते क्रेयॉनच्या (कडक खडूसारख्या कांडीच्या) रेखाटनांत वेगळे पक्के केले. फळीवर चेहरे, बोटे रंगवत बसणाऱ्याने हे जरूर पाहावे.

दुसरी चूक उजेडाची. वाईच्या घाटावर सकाळी बसलात, तर तासाभरात पायऱ्यांवरची सावली सरकते, आणि आपण नकळत दोन वेळांचे ऊन एकाच फळीवर रंगवतो. म्हणून सावल्यांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांत बांधाव्यात आणि मग त्यांना हात लावू नये. ऊन फारच बदलले, तर नवी फळी घ्यावी. प्रतिबिंब मात्र सावलीसारखे सरकत नाही, ते वस्तूच्या सरळ खालीच पडते. उजळ वस्तूचे प्रतिबिंब थोडे गडद आणि गडद वस्तूचे थोडे उजळ दिसते. दोन्हीकडे एकच रंग लावला की पाणी आरशासारखे कोरडे वाटू लागते.

फळीचे प्रमाण आधीच जुळवावे. २० बाय ३० सेंटिमीटरची स्टडी १०० बाय १५० च्या कॅनव्हासवर तंतोतंत बसते, पण २४ बाय ३० ची नेताना आकाश किंवा काठ कापावाच लागतो.

वाळल्यावर रंग मळकट, निस्तेज दिसत असतील, तर फळीने तेल शोषले आहे असे समजावे. पुढच्या वेळी रंगांआधी फळीला अस्तर (प्रायमर) नीट द्यावे. या वेळी पूर्ण वाळलेल्या स्टडीवर रिटच वॉर्निशचा (निस्तेज रंग उजळवणाऱ्या हलक्या वॉर्निशचा) पातळ हात दिला, की खरी छटा पुन्हा दिसते. मोठ्या चित्रासाठी रंग मिसळायला बसायचे ते त्यानंतरच.