दिव्यांग मुलासाठी पैसा कोणाच्या नावावर ठेवावा: अमेरिकेतील एबल खाते आणि स्पेशल नीड्स ट्रस्ट

मुलाच्या जन्मापासून त्याच्या नावावर काही ना काही टाकत राहण्याची आपली रीत अमेरिकेत आल्यावरही सुटत नाही. मूल दिव्यांग असेल तर काळजीपोटी आपण जरा जास्तच टाकतो, आणि नेमके तेच पैसे पुढे त्याच्या आड येतात. एसएसआय या मासिक सरकारी साहाय्यासाठी मुलाला अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत आई-वडिलांचे उत्पन्न आणि ठेवी विचारात घेतल्या जातात. त्यानंतर मात्र फक्त त्याच्या स्वतःच्या नावावर काय आहे एवढेच पाहिले जाते, आणि एकट्या व्यक्तीसाठी ही मर्यादा अवघी २,००० डॉलर आहे. १९८९ पासून ती वाढलेली नाही. बहुतेक राज्यांत मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेची पात्रता एसएसआयशी जोडलेली असल्यामुळे खरा धोका दरमहाच्या रकमेपुरता राहत नाही; घरी येणारे मदतनीस, थेरपी आणि औषधोपचार यांवरही टांगती तलवार येते.

म्हणून सर्वांत आधी मंजुरीचे पत्र काढून मुलाला कोणता लाभ मिळतो ते नीट वाचावे. एसएसआय आणि एसएसडीआय ही नावे सारखी वाटली तरी एसएसडीआय हा कमाईतून भरलेल्या करावर आधारलेला अपंगत्व विमा आहे आणि त्याला बचतीची मर्यादा नाही. लाभ एसएसआयचा असेल, किंवा मेडिकेडला ठेवींची अट लागू असेल, तर पुढचे सर्व आपल्यासाठी आहे.

त्यानंतर मुलाच्या नावावरचा पैसा शोधावा. लहानपणी उघडलेले यूटीएमए खाते, म्हणजे अल्पवयीन मुलाच्या नावे मोठ्यांनी सांभाळायचे खाते, राज्याच्या नियमानुसार तो सज्ञान होताच त्याचे धरले जाते. त्याच्यासोबतच्या संयुक्त खात्यातील सगळी रक्कम त्याचीच आहे असे गृहीत धरले जाते, आणि तसे नसल्यास ते आपल्याला सिद्ध करावे लागते. आजी-आजोबांनी भारतात त्याच्या नावे ठेवलेली मुदत ठेवही तो मोडू शकत असेल तर मोजली जाते. राहते घर, एक वाहन आणि घरातील सामान मात्र यातून वगळलेले आहे. मोजणी महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आरंभी जी शिल्लक असेल तिची होते. त्या क्षणी खात्यात २,०४० डॉलर असतील तर त्या महिन्याचे साहाय्य मिळत नाही, आणि आधीच जमा झाले असेल तर परतफेडीची नोटीस येते. घाईघाईने ती रक्कम भावंडाला देऊन टाकण्याचा मार्ग अजिबात पत्करू नये, कारण योग्य मोबदल्याशिवाय मालमत्ता हस्तांतरित केल्यास एसएसआय ३६ महिन्यांपर्यंत थांबू शकते.

अशा पैशासाठी आणि रोजच्या बचतीसाठी सर्वांत सोपी सोय म्हणजे एबल खाते, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या नावावरचे खास बचत खाते. त्यासाठीचा कायदा डिसेंबर २०१४ मध्ये झाला. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीचे वडील स्टीफन बेक यांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला, आणि राष्ट्राध्यक्षांची सही होण्याच्या काही दिवस आधीच ते गेले. कायद्याला त्यांचे नाव दिलेले आहे. सुरुवातीला दिव्यांगत्व वयाच्या २६ व्या वर्षापूर्वी आलेले असणे आवश्यक होते. १ जानेवारी २०२६ पासून ही अट ४६ वर्षांपर्यंत वाढली आहे, त्यामुळे पूर्वी नकार मिळालेल्यांनी पुन्हा चौकशी करावी. एका व्यक्तीला एकच खाते उघडता येते. त्यात कोणीही पैसे घालू शकतो, मात्र सर्वांचे मिळून वर्षाला ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. २०२५ साली ती १९,००० डॉलर होती. नोकरी करणाऱ्या लाभार्थ्याला ठरावीक अटींवर आपल्या कमाईतून आणखी भर घालता येते. खात्यातील पहिले १,००,००० डॉलर एसएसआयसाठी मोजले जात नाहीत. शिल्लक त्यापुढे गेल्यामुळे एसएसआय स्थगित झाली तरी मेडिकेड चालू राहते.

खर्चाची व्याख्या सैल आहे: शिक्षण, प्रवास, उपचार, साहाय्यक उपकरणे, घरभाडे, दैनंदिन गरजा. भाड्याच्या बाबतीत मात्र तारखा सांभाळाव्यात. ३० तारखेला १,२०० डॉलर काढून घरमालकाला ३ तारखेला दिले, तर १ तारखेला ती रक्कम मुलाच्या हातात होती म्हणून मोजली जाते. तेच पैसे १ तारखेनंतर काढून त्याच महिन्यात दिले तर काहीही बिघडत नाही. पावत्या जपून ठेवाव्यात. मुलाच्या मृत्यूनंतर राज्य मेडिकेडचा खर्च या खात्यातून मागू शकते, आणि याच कारणामुळे आयुष्यभराची पुंजी येथे साठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या पुंजीची जागा स्पेशल नीड्स ट्रस्टमध्ये, म्हणजे दिव्यांग व्यक्तीसाठी विश्वस्ताने सांभाळायच्या निधीत आहे, आणि येथे एक फरक पक्का लक्षात ठेवावा लागतो. आई-वडील, आजी-आजोबा किंवा इतर कोणी स्वतःच्या पैशातून केलेल्या ट्रस्टला थर्ड पार्टी ट्रस्ट म्हणतात; त्यावर मेडिकेडचा परतफेडीचा हक्क नसतो, आणि उरलेली रक्कम भावंडांना किंवा आपण ठरवू त्यांना जाते. मुलाचा स्वतःचा पैसा, म्हणजे अपघाताची नुकसानभरपाई किंवा थेट मिळालेला वारसा, फर्स्ट पार्टी ट्रस्टमध्ये जातो. तो वयाच्या ६५ वर्षांपूर्वी करावा लागतो आणि मृत्यूनंतर आधी राज्याची परतफेड होते. हे दोन पैसे एकत्र करू नयेत. मुलाचे थोडेसे पैसेही थर्ड पार्टी ट्रस्टमध्ये मिसळले, तर परतफेडीचा प्रश्न नको तेथे येऊन उभा राहतो. रक्कम लहान असेल किंवा विश्वस्त मिळत नसेल, तर अनेकांचे पैसे एकत्र सांभाळणारे ना-नफा संस्थांचे पूल्ड ट्रस्ट हाही चांगला पर्याय आहे.

दस्तऐवज या कामातल्याच वकिलाकडून करून घ्यावा. खर्च करण्याचा निर्णय सर्वस्वी विश्वस्ताचा असावा आणि लाभार्थ्याला पैसे मागून घेण्याचा हक्क नसावा, ही त्यातली मुख्य गोष्ट. विश्वस्ताने मुलाच्या हातात रोख रक्कम देऊ नये, कारण ती उत्पन्न धरून एसएसआयमधून वजा होते. संगणक, सहल, थेरपी यांचे पैसे थेट विक्रेत्याला द्यावेत. ट्रस्टने थेट घरभाडे भरल्यासही एसएसआय काही प्रमाणात कमी होते, परंतु तीच रक्कम आधी एबल खात्यात टाकून तेथून भाडे भरल्यास ही कपात टळते. अन्नावरचा खर्च ३० सप्टेंबर २०२४ पासून मोजला जात नाही.

“ताई बघेल त्याचं” म्हणून सगळे भावंडाच्या नावावर करण्याचा मोह अनेक घरांत असतो. ताईच्या मनाविषयी शंका नसली तरी तिचा घटस्फोट, कर्ज किंवा अकाली मृत्यू यांत ते पैसे तिचेच धरले जातील; तिला विश्वस्त नेमावे, मालक करू नये.

ट्रस्टवर सही झाली की काम संपले असे समजून अनेकजण थांबतात. आयुर्विमा आणि ४०१-के हे नोकरीतील निवृत्तीसाठीचे बचत खाते यांच्या अर्जांवर लाभार्थी म्हणून अजून मुलाचेच नाव असेल, तर मृत्युपत्रात काहीही लिहिले असले तरी पैसे थेट त्याच्याकडे जातात. प्रत्येक अर्ज काढून तेथे ट्रस्टचे नाव घालावे, आणि नोकरी बदलल्यावर पुन्हा तपासावे. आजी-आजोबा, आत्या, काका यांनाही ट्रस्टचे पूर्ण नाव आणि तारीख लिहून कळवावी, म्हणजे त्यांना मुलासाठी काही ठेवायचे असेल तेव्हा मृत्युपत्रात मुलाच्या जागी तेच नाव उतरवता येईल.